बरणीतले गुरुदास

कावळा काही येईना.

अंगणाच्या दगडी गडग्यावर केळीच्या पानात कावळ्यासाठी वाडी ठेवलेली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. आणि गुरुदासांना आवडायचा म्हणून एक वडा मुद्दाम काळपट होईपर्यंत तळलेला. देवबागेत एक वेळ गोड्या पाण्याची टंचाई पडेल, कावळ्यांची नाही. एरवी वाळत घातलेल्या बांगड्यांवरून त्यांना हुसकता हुसकता बायकांचे हात दुखतात. पण आज गुरुदासांचं वर्षश्राद्ध, आणि आजच ही सगळी जात कुठे गडप झाली होती कोण जाणे. भटजी पुढच्या घरी गेले होते. घरातली माणसं उपाशी होती आणि वड्यांचा वास सुटला होता.

"किनाऱ्यार रापणीचा जाळा ओढतत," सत्यवान म्हणाला. "सगळे कावळे मासळीक थंय गेले. ह्येच्यात दुसरा काय नाय."

सत्यवान गुरुदासांचा थोरला मुलगा. कुडाळला शाळेत विज्ञान शिकवी, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना.

"रापण रोजच ओढतत," गंगूआते म्हणाली. "म्हणान रोज कावळे नसतत?"

गंगूआते गुरुदासांची धाकटी बहीण. श्राद्धासाठी ती आरोंद्याहून आधीच येऊन बसली होती आणि आल्यापासून एकाच गोष्टीकडे बघत होती. आता तिने गडग्याकडे पाठ केली आणि ओटीवरून थेट माजघरात बोट दाखवलं.

"माझो भाव थंय कोंडलेलो आसा. तो येतलो खंयसून?"

बोट दाखवलं तिथे, खिडकीखालच्या स्टुलावर, संजनाची बरणी होती.

संजनाने हातातला झारा खाली ठेवला. हा विषय आज निघणार हे तिला ठाऊक होतं. फक्त जेवणानंतर निघेल असा तिचा अंदाज होता.

बरणीची कथा साधी होती, आणि साध्या गोष्टींचाच आमच्याकडे जास्त घोळ होतो. संजना धाकट्या निलेशची बायको, माहेर पिंगुळीचं. झाडापेडांत वाढलेली मुलगी लग्न होऊन देवबागेच्या वाळूत आली, आणि इथे माडाशिवाय तिने लावलेलं एक रोप जगलं नाही. जे उगवे ते खाऱ्या वाऱ्याने करपून जाई. मग गेल्या वर्षी, सासऱ्यांच्या सुतकात, मोबाईलवर तिने बंद बरणीतली बाग पाहिली. आत माती, वर शेवाळ, लहान लहान नेचे, आणि झाकण कायमचं बंद. तेच पाणी वाफ होऊन वर जातं, काचेवरून ओघळून खाली येतं, झाडं आतल्या आत जगतात. खारा वारा आत जाणारच नाही, एवढी एक गोष्ट तिच्या मनात भरली. खाजा-लाडवांच्या दुकानातली जुनी काचेची बरणी तिने मागून आणली, तळाला नदीचे गोटे आणि करवंटीचा कोळसा घातला, माहेरहून माती आणली, तिथल्याच गडग्यावरचं शेवाळ आणि नेचे अलगद सोडवून लावले. झाकण सैल होतं, म्हणून मेणबत्ती पेटवून कडेने मेण ओतलं.

कोपऱ्यात तिची सासू, राधाबाई, बसली होती. नवरा गेल्यापासून तिने धड अन्नाला हात लावला नव्हता. ती ते मेण बघत राहिली.

आता ज्या मुलखात घाडी झपाटलेल्या माणसाचं भूत उतरवतो, बाटलीत घालतो, बूच मारून वर मेण लावतो आणि बजावतो की पुन्हा उघडू नका, त्या मुलखात सुतक सरताना सुनेने बरणीला मेण लावलं, तर सासूने काय समजावं? दुसऱ्या दिवशी सकाळी काचेला आतून वाफ धरली, आणि राधाबाईला जी उरलीसुरली शंका होती तीही गेली. तिने बरणीपुढे कपभर चहा ठेवला, आपण कपभर घेतला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर पेज जेवली.

सासूच्या मनात काय आहे हे संजनाला कळायला फार वेळ लागला नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं ती म्हणत राहिली. पण सासू जेवत होती. जेवत्या माणसाच्या ताटातून कोण काय काढून घेतं? असं करता करता वर्ष गेलं.

आणि खरं सांगायचं तर राधाबाई कधी नव्हे ती सुखात होती. गुरुदास जन्मभर घरी जेवायला आणि आजारी पडायला तेवढे येत. समुद्र होता, दशावताराची नाटकं होती, जत्रा होत्या, संध्याकाळची फेणी होती, आणि यातलं काही नसेल तेव्हा दुसऱ्यांची भांडणं होती. मरायलासुद्धा ते घरी आले नाहीत. आरोंद्याला बहिणीकडे जेवून उठले आणि तिथल्याच ओटीवर गेले. आता मात्र ते खिडकीखाली होते आणि वरून मेण लावलेलं होतं. एवढ्या संसारात बोलायचं राहिलेलं सगळं राधाबाई त्यांना सावकाश, पहिल्यापासून, सांगत होती.

तिने बरणीची निगाही अशी राखली की कोणी शिकवून राखली नसती. बरणीवर ऊन पडू द्यायचं नाही, कारण उन्हात बसले की त्यांचं डोकं चढतं. रोज थोडी फिरवून ठेवायची, कारण एकाच बाजूला बघून माणूस कंटाळतो. वरून पाणी घालायचं नाही, कारण अंघोळीची त्यांना जन्मात आवड नव्हती. बंद बरणीला हवं असतं ते नेमकं एवढंच. नेचे असे तरारले की त्यांची टोकं झाकणाला लागली.

पण गेले काही दिवस काचेवरची वाफ दुपार झाली तरी हटत नव्हती. शेवाळावर पांढरी बुरशी धरली होती, आणि एका नेच्याचं पान तळाशी काळं पडलं होतं. आत पाणी जास्त झालं होतं. मेण लावलेल्या बरणीत पाणी वाढलं कसं, हे कोडं संजनाला सुटेना. उपाय मात्र तिला माहीत होता: झाकण उघडायचं, कुजलेलं काढायचं, एक दिवस वारा द्यायचा, पुन्हा बंद करायचं. नाही उघडली तर बाग जाणार. आणि बाग गेली की राधाबाई पुन्हा पेजेला हात लावणार नाही, या भीतीने संजना रोज सकाळी उठल्या उठल्या आधी बरणीकडे बघत होती.

"मी घाड्याक विचारून इलंय," गंगूआते सांगत होती. "तो म्हणालो, उघडा आणि मोकळो करा. वर्ष सरायच्या आत मोकळो नाय केल्यात, तर थंयच रवतलो."

"रवांदेत," राधाबाई म्हणाली.

"वैनी, तेंका गती मिळाची नाय!"

"गती जन्मभर होती तेंका. आता वायच बसांदेत."

सत्यवान उठून मध्ये आला. "आते, तू म्हणतस म्हणान तर अजिबात उघडूची नाय. आज उघडली की उद्या अख्ख्या वाडीत बोभाटा होतला, बापूस बरणीत होतो, झिलांनी सोडलो." मग त्याने वर्गात काढायचा आवाज काढला. "आणि ती बंद परिसंस्था आसा. उघडली की मोडली."

आत काही नाही, आत काही नाही, असं वर्षभर आईच्या कानीकपाळी ओरडणारा हा मुलगा. राधाबाईने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं.

"शिकलेलो आसा माझो झील," ती गंगूआतेला म्हणाली.

"भावोजी," संजना म्हणाली, "उघडूक व्हयी."

सगळ्यांनी माना वळवल्या. लग्नापासून आजतागायत संजनाच्या हातच्या चहाला गंगूआतेने कधी बरं म्हटलं नव्हतं. आता ती बाकावर सरकली आणि तिला जागा करून दिली.

"घाड्यासाठी नाय," संजना घाईने म्हणाली. "आत ओल झाली. झाडां कुजतत."

"कुजांदेत, पण उघडूची नाय," निलेश म्हणाला.

हे सर्वांत अनपेक्षित होतं. निलेश पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवी, आणि डॉल्फिन नसले तर ते आत्ताच कसे गेले ते दाखवी. आईच्या बरणीची त्याने वर्षभर थट्टा केली होती. "बाबांक सांगून जातंय हां," असं म्हणून तो रोज चपला घाली. त्याला झाकणाचं एवढं काय पडलं होतं?

"तुका काय झाला?" संजनाने विचारलं.

"आयेक वायट वाटतला," तो म्हणाला आणि गडग्याकडे बघू लागला. कावळा अजून नव्हता.

म्हणजे घराचे दोन तट पडले, आणि असे पडले की कोणालाच आपल्या शेजारचा माणूस पसंत नव्हता. भुतावर विश्वास ठेवणारी नणंद आणि न ठेवणारी सून उघडा म्हणत होत्या. विश्वास ठेवणारी आई आणि तिचे न ठेवणारे मुलगे नको म्हणत होते. होडीच्या वाटणीच्या वेळीसुद्धा एवढा घोटाळा झाला नव्हता.

संजना माजघरात गेली, बरणी उचलून आणली आणि राधाबाईपुढे ठेवली.

"आये, ह्या बघ. ह्या पांढरा दिसता ना?"

राधाबाईने चष्मा पदराने पुसून पाहिलं. "पिकले," ती म्हणाली. "वर्षभर एका जाग्यार बसान पिकले."

"नाय गो आये. आत ओल कोंडली. दम घुसमटता."

"तेंचो?"

आता सांगायची वेळ होती. आये, आत कोणी नाही, माती आहे आणि माझ्या माहेरचं शेवाळ आहे. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. संजनाने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. एवढी काळजी त्या तोंडावर तिने गुरुदास जिवंत असतानाही पाहिली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. आणि तिला स्वतःचा राग आला.

"मगे माका आधी सांगूक नको?" राधाबाईने काचेवर हात ठेवला. "पण उघडलंस तर जातले ते."

"वायच फिरान येतीत. सांजच्याक परत इले की झाकण लावूया."

"सांजच्याक? तेंका सांजच्याक परत इल्ले बघलंस तू कधी?"

"आये," सत्यवान म्हणाला, "कोण खंय जावचो नाय आणि कोण येवचो पण—"

"तू गप. आज शाळा नाय."

राधाबाईने काळं पडलेलं पान काचेवरून बोटाने चाचपलं. शेवटी राधाबाई म्हणाली, "माझ्या हट्टापायी तेंका कुजवूचा नाय. सुरी आण."

"मी काढतंय मेण."

"घोव माझो. मीच काढतंय."

तिने मेण कडेकडेने खरवडलं, झाकण दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि उचललं. ओल्या मातीचा वास आला. आणि त्या वासाच्या मागोमाग, मुळीच चूक होऊ नये इतका स्पष्ट, काजूच्या फेणीचा वास आला.

गंगूआतेने बाकावरूनच हात जोडले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा तिचा चेहरा झाला होता. सत्यवानाने वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आईच्या हातातलं झाकणही हुंगून पाहिलं. राधाबाईला मात्र यात नवल वाटलं नाही. ती थोडी चिडली एवढंच.

"आतसुद्धा सोडूक नाय," ती म्हणाली. मग बरणीच्या तोंडाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, "जावन येवा. लांब जाव नकात. दिवे लागतत तेव्हा घरात व्हये. आज तुमच्याच नावान जेवान आसा."

संजनाने नवऱ्याकडे पाहिलं. निलेश जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात गडग्यावर फडफड झाली. कावळा आला, त्याच्यामागे दुसरा, आणि काळपट वडा सगळ्यांत आधी गेला. "रापण सुटली," सत्यवान म्हणाला. पण ते ऐकायला ओटीवर कोणी उरलं नव्हतं. सगळे पानावर बसायला आत गेले होते.

जेवणं झाल्यावर संजनाने निलेशला विहिरीवर गाठलं. तो कळशी घासत होता, आणि ती घासलेलीच होती.

"फेणी तू ओतलंस."

"बाबांचो वाढदीस होतो," निलेश म्हणाला. "टोपणभर ओतलंय. मगे वास येयत म्हणान वरसून तांब्याभर पाणी. मेण परत लावलंय, तुका कळूक नाय."

"तुझो तर ह्येच्यार विश्वास नाय."

"नाय." तो कळशीकडेच बघत होता. "पण वर्षभर कोरडे बसलेले, संजना."

एक तांब्याभर पाणी! तिने वर्षभर जिवापाड जपलेली बाग या माणसाने एका तांब्यात बुडवली होती, आणि तिला तो त्या क्षणी इतका आवडला की भांडायचं राहून गेलं. तिने त्याच्या हातातली कळशी काढून घेतली. कुणाला सांगू नकोस, हे त्याला म्हणावं लागलं नाही.

बरणी पुन्हा माजघरातल्या स्टुलावर ठेवून ती दुपारभर तिच्याशी बसली. कुजलेलं पान कात्रीने कापलं, पांढरं पडलेलं शेवाळ चमच्याने काढून टाकलं, कापूस बुडवून बुडवून तळाचं पाणी टिपलं. काच हळूहळू निवळली. उन्हं उतरू लागली तेव्हा माती हाताला नुसती गार लागत होती, हवी तितकीच. आता झाकण लावायला हवं होतं, कारण समुद्रावरून वारा सुटला होता. खिडकी लावली तरी तो कौलांतून येत होता, आणि नेच्यांची टोकं वळायला लागली होती.

"आये, लावू झाकण?"

"येवक नाय अजून," राधाबाई म्हणाली. जेवण झाल्यापासून ती स्टुलाशेजारी बसून होती, आणि जेवलीही होती ती घासभरच.

आपणच शब्द दिला होता, सांजेला येतील म्हणून. तो शब्द आता आपल्याच झाडांच्या मुळावर आला होता. संजना झाकण मांडीवर घेऊन बसली.

"वैनी, कशाक वाट बघतस?" गंगूआते म्हणाली. "मोकळो झालो तो. फेक ता झाकण."

"तुझ्याकडे गेल्लो परत इलो नाय. तू शिकव नको."

गंगूआतेचा चेहरा उतरला. "माझ्या दारात गेलो म्हणान माका बोल लावतस?"

"लावतंय," राधाबाई म्हणाली.

"लाव." गंगूआतेने डोळ्यांना पदर लावला. "मी पण लावतंय. माझ्या हातचा जेवान उठलो, हात धुतल्यान, बसलो, आणि गेलो. वर्षभर त्या ओटयेर माका बसवणा नाय. म्हणान तर घाड्याकडे गेलंय. माका वाटला, तो सुटलो तर मी पण सुटान."

राधाबाईने तिच्याकडे बघितलं. मग स्टूल थोडं सरकवून तिच्यासाठी जागा केली. दोघी बरणीच्या दोन बाजूंना बसल्या.

सत्यवान कुडाळला जायला निघाला होता. तो अंगणात जाऊन उभा राहिला आणि पाणंदीकडे बघू लागला. झाकण सासूच्या मांडीवर ठेवून संजना दिवा लावायला बाहेर आली तेव्हाही तो तिथेच होता.

"एसटी बघतंय," तो म्हणाला.

एसटी केव्हाच गेली होती. निलेशही होडी वर ओढून आला आणि भावाशेजारी काही न विचारता उभा राहिला. दोघेही पाणंदीकडेच बघत होते. आपण कोणाची वाट बघतो आहोत हे दोघांनाही नीट ठाऊक होतं, आणि विचारलं असतं तर दोघांनीही कानांवर हात ठेवले असते.

संजनाने तुळशीपाशी दिवा लावला, माजघरातली बत्ती लावली. बरणीतले नेचे आता चक्क माना टाकून होते. वारा माडांतून जात होता, दाराची कडी वाजत होती, आणि ती वाजली की राधाबाई दाराकडे बघत होती. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा कडी वाजली तेव्हा तिने मान वळवली नाही.

"संजना."

"काय गो आये? इले?"

"नाय." राधाबाईने बोटाने एक वळलेलं पान सरळ करून पाहिलं. ते राहिलं नाही. "येवचे नाय ते आता."

संजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूने आपल्या मांडीवरचं झाकण उचलून तिच्या हातात दिलं.

"लाव. झाडांनी काय केल्यानी?"